साडेपाच इंच

सगळे रुंदच मागतात.
रविवारी फुताच्या घाटावर कॉफीला थांबायचं,
मोटरसायकल पाठमोरी लावायची,
येणाऱ्याने आधी चाक पाहावं, मग माणूस.
म्हणून पोरं येतात: "इवानो, एकशेनव्वद बसव."
मी टेप काढतो. रिम मोजतो.
रिम म्हणजे अंथरूण; पाय किती पसरायचे ते तीच ठरवते.
बढाया ती ऐकत नाही.

नीवेस बर्तोली आली मे महिन्यात.
वय एकसष्ट, चौतीस वर्षं या खोऱ्यात पत्रं वाटलेली.
नवऱ्याची लाल सहाशे ढकलत ढकलत.
"सुरू होते," म्हणाली, "पण मागचा टायर
त्याच्याएवढाच गेलेला."
आणि हसायचं की नाही ते माझ्यावर सोडलं.

मी चाक उतरवलं.
एकशेनव्वद, पन्नास, सतरा. अर्थात.
साडेपाच इंचांच्या रिमवर
चिमटीत धरल्यासारखा आवळलेला,
माथा वर आलेला,
आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं रबर
कारखान्यातून आलं तसंच कोरं,
साच्यातून निघतानाचे बारीक केससुद्धा शाबूत.

तिने नेमका तिथेच अंगठा ठेवला.
बंद पाकिटं हाताळण्यात जन्म गेलेला.
"अदेल्मो सांगायचा, वळणावर गुडघा टेकतो म्हणून.
दर रविवारी. मोरीत हात धुता धुता."

आता मी काय बोलायचं?
खरं तेच सांगितलं, पण अर्धं:
की हा आकार या रिमचा नव्हेच;
अरुंद रिमवर रुंद टायर टोकदार होतो,
कडा वरच्या वर राहतात,
कितीही कला, रस्ता तिथवर पोचत नाही.
"कुणाचाच पोचला नसता," मी म्हणालो.
उरलेलं अर्धं टायरच्या मधोमध होतं,
पोळपाटासारखं सपाट:
हजारो किलोमीटर सरळ रस्त्याचे,
घाट टाळून, बोगद्यातून, महामार्गाने.
त्यावर मी उगाच फडकं फिरवत बसलो.

"इवानो," ती म्हणाली,
"अकरा वर्षं मी मागे बसले.
वळण आलं की त्याची पाठ
दाराच्या फळीसारखी ताठ व्हायची.
मागच्याला कळत नाही, असं
पुढे बसणाऱ्यालाच वाटतं."

मग आम्ही आकड्यांवर आलो. बरं वाटलं.
एकशेऐंशीचे पंचावन्न टक्के: उंची नव्व्याण्णव मिलिमीटर.
जुन्याची पंच्याण्णव.
म्हणजे शेपूट चार मिलिमीटर वर,
नाक वळणात जरा लवकर शिरेल,
दचकू नका, दोन दिवसांत हाताला समजतं.
चेन आणि टायरमध्ये माझी करंगळी जाते, पुरे.
पहिले शंभर किलोमीटर जपून,
नवं रबर निसरडं असतं.
"पण बारीक दिसेल ना?"
दिसेल.
"दिसू दे. माझ्या मागे कोण बसलंय बघायला."

सप्टेंबरात ती हवा भरायला आली.
मी वाकून पाहिलं; सवयच ती.
डावी कड शेवटपर्यंत घासलेली,
रबराचे दाणे वर आलेले.
उजवीकडे करंगळीएवढी पट्टी अजून कोरी.
मी पाहिलं हे तिने पाहिलं.
"उजव्या वळणावर समोरून लाकडांचे ट्रक येतात," म्हणाली.
जरा थांबली. "तेवढं त्याच्याकडूनच आलंय मला."

मागे दोन पॉइंट नऊ, पुढे दोन पॉइंट पाच.
हवेचे पैसे मी घेत नाही.
तिने तरी बाकावर नाणी मोजून ठेवली,
पत्राला तिकीट कमी पडू नये तशी,
आणि बोलोन्याकडे न वळता
वर निघाली, घाटाच्या बाजूला.
आवाज तीन वळणं ऐकू आला.
चौथ्याला तिने गिअर उतरवला, योग्य वेळी.